दुब्रोव्हनिकचे दोन दिवस

गॉलवे, आयर्लंड, २४ नोव्हेंबर

प्रिय नंदिनी,

तू माझा फोन उचलत नाहीस त्याला आज दोन महिने झाले. व्हॉट्सअ‍ॅपवर तर तू मला चक्क ब्लॉक केलंयस, हे मला आपल्या नातीनं शोधून दिलं. स्वराली सात वर्षांची आहे, पण यात ती आपल्या दोघींच्या पुढे आहे. म्हणून शेवटी कागद घेतला. इथे युनिव्हर्सिटीत शिकणारी क्षितिजा, तुमच्या नागपूरचीच, उद्या बहिणीच्या लग्नाला निघालीय. तिला बजावलंय की पाकीट तुझ्याच हातात द्यायचं आणि तू ते फोडेपर्यंत दारातून हलायचं नाही. बत्तीस वर्षं शाळेत सुपरव्हायझर होते मी, कुणाला कसं कामाला लावायचं ते मला येतं. विहिणीला कुणी असं नुसत्या नावानं, अगंतुगं करून लिहीत नाही. पण दुब्रोव्हनिकला पायऱ्यांवर बसून तूच दम दिला होतास, की पुन्हा विहीणबाई म्हणालीस तर उठून जाईन. ती परवानगी अजून शाबूत आहे असं धरून लिहितेय. राग असू दे, तो तुझा हक्कच आहे. फक्त शेवटपर्यंत वाच.

खरं सांगायचं तर सात वर्षं आपण दोघी एकमेकींना डब्यांवरूनच ओळखत होतो. स्वराली झाल्यापासून आपला आळीपाळीनं नंबर लागलेला. तीन महिने तू, मग तीन महिने मी. मी इथे उतरायचे तेव्हा तू नागपूरला पोचलेली असायचीस. स्वयंपाकघरातलं कपाट, ज्याला स्वराली इथल्या पोरांसारखं प्रेस म्हणते, ते उघडलं की तुझा कारभार दिसायचा. माझं मेतकूट मागे ढकललेलं, पुढे तुझं तिखट, आणि प्रत्येक डब्यावर तुझ्या ठसठशीत अक्षरात चिठ्ठी. मी सगळं पुन्हा माझ्या पद्धतीनं लावायचे. पुढच्या खेपेला तू ते मोडायचीस. तुझी मुक्ता बिचारी दर तीन महिन्यांनी मीठ शोधत बसायची. म्हणून या सप्टेंबरात तिनं आणि माझ्या गंधारनं दोघींना एकदमच बोलावलं आणि वर बसची सहल भेट दिली, तेव्हाच मला वास यायला हवा होता. पण कसलं काय! आपण दोघी हुरळून गेलो. नऊ दिवस, क्रोएशिया धरून चार देश, जुनी जुनी शहरं, आणि बसमध्ये आपण सोडून सगळी आयरिश म्हातारी मंडळी, ज्यांना पाऊस पडला तरी ग्रँड, म्हणजे झकास, आणि बस पंक्चर झाली तरी ग्रँड. तू त्यांना चिवडा वाटलास. मेयो जिल्ह्यातल्या त्या दोन बहिणींना ठसका लागला, डोळ्यांतून पाणी आलं, आणि तरी त्यांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली.

आता झाग्रेबचं सांगते. घरी आल्यावर तू विचारलंस की तुला कधीपासून ठाऊक होतं, आणि मी म्हटलं, झाग्रेबपासून. एवढंच बोलणं झालं आपलं. तर तिसऱ्या दिवशी तू बाजारात त्या लाल छत्र्यांखाली अंजिरं निवडत होतीस आणि गंधारचा फोन आला. म्हणाला, आई, मी आणि मुक्ता वेगळे होतोय. तिनं भाड्यानं घर घेतलंय आणि या आठवड्यात ती सामान हलवतेय. कुणाचं काही लफडं नाही, मारझोड नाही, दोन वर्षं नुसतं जमतच नाहीये. तुम्ही दोघी घरात असता तर रडारड झाली असती, म्हणून तुम्हाला पाठवलं. मुक्ताच्या आईला तू काही बोलू नकोस, ते ती स्वतः सांगेल. म्हणजे ही सहल नव्हतीच गं, म्हाताऱ्यांना घराबाहेर काढायची युक्ती होती. पोटच्या पोरानं मला असं बनवावं! मी तुझ्याकडे आले, तर तू माझ्या तळहातावर एक अंजीर ठेवलंस आणि विचारलंस की मुक्तासाठी अर्धा किलो घेऊ का. मी म्हटलं, घे. तिथून पुढे माझा तोंड दाबून बुक्क्यांचा मार सुरू झाला. बसमध्ये मला गाडी लागते म्हणून मी डोळे मिटून बसत होते असं तुला वाटत होतं. मला आयुष्यात कधी गाडी लागलेली नाही.

दुब्रोव्हनिकला न्याहारीच्या वेळी गाईडनं सगळ्यांचे पासपोर्ट बघितले आणि तुझ्यापाशी येऊन थांबली. माझ्या क्रोएशियाच्या व्हिसावर कितीदाही ये-जा करायची मुभा होती, तुझ्यावर एकदाच आत यायची. पुढचं मोस्तार आणि सारायेवो बोस्नियात, म्हणजे एकदा हद्द ओलांडलीस की परत आत घेणार नाहीत. तू भारतातून तुझा अर्ज केलास, मी माझा केला. गंधारला वाटलं मुक्तानं बघितलंय, मुक्ताला वाटलं गंधारनं बघितलंय. त्या घरात कोण कुणाशी बोलत होतं ते तेव्हाच कळायला हवं होतं. बस दोन दिवसांनी परत तिथेच येणार होती. गाईड म्हणाली, तुम्ही इथे हॉटेलात राहा. तू लगेच मला म्हणालीस, तू जा, माझ्यापायी तुझं नुकसान नको. मी राहिले, आणि सगळ्या बसनं टाळ्या वाजवल्या. मेयोच्या बहिणींनी तर माझा गालगुच्चा घेतला. काय वाटलं असेल मला तेव्हा!

पण नंदिनी, ते दोन दिवस! साठ वर्षांत मला असे दोन दिवस मिळाले नव्हते. तटावर चढताना तुझा गुडघा बोलायला लागला आणि आपण अर्ध्यातूनच खाली उतरलो. मग त्या खडकांवर जाऊन तू साडी गुडघ्यापर्यंत खोचलीस आणि सरळ समुद्रात उभी राहिलीस. शेजारी बिकिनीतल्या बायका होत्या आणि त्याच तुझ्याकडे बघत होत्या. तू सांगितलंस की तुझे यजमान गेल्यानंतरही तू रोज सकाळी उठून आज भाजी कुणाच्या आवडीची करू असाच विचार करत होतीस, आणि तुझ्या स्वतःच्या आवडीची भाजी कुठली ते तुला आठवेना. मी सांगितलं की आमचे हे पुण्यात गुडघ्याचं निमित्त करून घरी बसलेत, आणि मला त्यांची आठवण येत नाहीये याचीच मला भीती वाटतेय. हे मी बहिणीलाही सांगितलं नसतं. संध्याकाळी पायऱ्यांवर तू म्हणालीस की मुक्ताला तुझ्यासारखी सासू मिळाली, माझ्यामागे तिचं कसं होईल ही काळजी मिटली. मी समुद्राकडे बघत राहिले. तेव्हा सांगायला हवं होतं. 

पुढचं तुला माहीत आहे. घरी आलो, दार उघडलं, तर मुक्ताचे कोट नाहीत, स्वरालीची अर्धी पुस्तकं नाहीत. तू आधी घराकडे बघितलंस आणि मग माझ्या चेहऱ्याकडे. तू तशीच बॅग उचलून मुक्ताच्या नव्या घरी गेलीस, आणि आठ दिवसांत नागपूरचं विमान पकडलंस. तिथे काय झालं ते मला खूप नंतर तुकड्यातुकड्यानं कळलं. तू तिला विचारलंस, सासूला आधी आणि आईला शेवटी का. ती म्हणाली, तुला ऐकायचंच कुठे होतं. तुला वाटलं पोर उलटून बोलतेय. तू तोंड फिरवलंस, आणि आता ती दर रविवारी फोन करते तेव्हा तू हं आणि बरं याच्यापुढे जात नाहीस. मुक्ता म्हणते आईनं मला टाकलं. गंधारवर मी अजून रागावलेली आहे आणि त्याच्याच घरात त्याला वरण-भात करून घालते आहे, ते वेगळंच. पण तुमच्या मायलेकींमधलं हे भांडण मी लावलंय. कसं ते सांगते. हे अजून तुला माहीत नाही.

दुब्रोव्हनिकला बस निघून गेली त्याच सकाळी गंधारचा मेसेज आला होता, की मुक्ताला राहवत नाहीये, ती आज तिच्या आईला फोन करून सगळं सांगणार आहे. तू अंघोळीला गेली होतीस. तुझा फोन टेबलावर होता. तुला त्यातलं परदेशी सिमकार्डाचं काही कळत नाही म्हणून पहिल्या दिवसापासून तो मीच सांभाळत होते. मी विमानाचं चित्र दाबलं आणि तुझा फोन बंद पाडला. तू मुक्ताला समुद्रातला फोटो पाठवायला निघालीस, तर मी म्हटलं इथल्या दगडी तटामुळे रेंज येत नाही. तू माझ्यावर विश्वास ठेवलास. बस परत आल्यावर मी फोन चालू केला, तर व्हॉट्सअ‍ॅपवर मुक्ताचे अकरा मिस्ड कॉल होते. ते मी एकेक करून पुसले. आई फोन घेत नाही, म्हणजे तिला पूर्णिमाआईंकडून, माझ्याकडून, कळलंय आणि तिला माझं ऐकायचं नाहीये, असा त्या पोरीनं अर्थ काढला. नव्या रिकाम्या घरात खोक्यांवर बसून ती अकरा वेळा तुला हाक मारत होती आणि तू मला अंजीर सोलून देत होतीस. मी स्वतःला सांगितलं की परक्या गावात तुला काही झालं तर मी एकटी काय करणार, तुझं बीपी आहे. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण एवढंच की मला ते दोन दिवस हवे होते. घरी गेल्यावर आपण विहिणी उरणार नव्हतो, मैत्रिणी होण्याआधीच सगळं संपणार होतं, आणि मला ते संपवायचं नव्हतं. माझी मजा मी तुझ्या लेकीच्या जिवावर केली. माफ कर म्हणायची लाज वाटते, तरी म्हणते.

हे मी कधी सांगितलं असतं की नाही, देव जाणे. बहुतेक नसतंच, झाकली मूठ म्हणून पुण्याला निघून गेले असते. पण काल मुक्ता स्वरालीला सोडायला आली आणि मला बाजूला घेऊन बसली. तिच्या गळ्यात थायरॉइडची गाठ आहे. सुई घालून तपासलं, पण नक्की काय ते त्यातून कळलं नाही, म्हणून नऊ डिसेंबरला इथल्या हॉस्पिटलात ऑपरेशन करून अर्धी ग्रंथी काढणार आहेत. डॉक्टर म्हणतात बहुधा साधीच निघेल. बहुधा म्हणतात, नक्की म्हणत नाहीत. माझे व्हिसाचे नव्वद दिवस पाच तारखेला संपतात, मला निघावंच लागेल. स्वरालीला गंधार बघेल, आणि हॉस्पिटलातून तिला स्वतःला घरी न्यायला ऑफिसातली कुणी येईल म्हणाली. माझ्याकडून तिनं वचन घेतलं, की आईला कळवायचं नाही, ती आधीच दुखावलीय. मी हो म्हटलं, माझ्या जुन्या सवयीनं. मग ती दारात बूट घालत होती तेव्हा मी तिला हाक मारली आणि तुझ्या फोनचं सगळं सांगितलं. ती ओरडली नाही. एक बूट घातलेला, एक हातात, तशीच जमिनीवर बसली आणि लहान मुलीसारखी रडली. म्हणाली, म्हणजे आईला माझे फोन कळलेच नव्हते? मी म्हटलं, नव्हते गं राणी. तिला दिलेला शब्द मी या कागदावर मोडलाय आणि त्याचं मला तसूभर वाईट वाटत नाही. तुझा आयर्लंडचा व्हिसा मार्चपर्यंत आहे, हे तिच्याकडूनच काढून घेतलं. मी पाच तारखेला इथून जाते, तुला माझं तोंडही बघावं लागणार नाही. आता हा कागद खाली ठेव. क्षितिजाला चहा वगैरे नंतर कर. मला फोन करू नकोस, आधी तिला कर.

बोलत नसलीस तरी तुझीच,
पूर्णिमा