मुक्या गाडीचा मीटर

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
साखर पेठ, सोलापूर
दि. २० जानेवारी १९७६

वडीलकीचा मान ज्यांना मी लग्नापासून देत आलो (आणि या पत्राच्या शेवटापर्यंत देणार आहे, पुढचे सांगवत नाही) ते माझे थोरले मेव्हणे श्री. महिपतराव यांस, नागनाथचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

श्रीपूरला साखर कारखान्याचा गळीत हंगाम जोरात असेल आणि तुम्ही ट्रॅक्टरखाली आडवे पडून पाने फिरवत असाल, हे मला माहीत आहे. वहिनींची कंबर आता कशी आहे ते कळवावे. इकडे मुलाबाळांच्या तब्येती चांगल्या आहेत. तुमच्या बहिणीची तर इतकी चांगली आहे की मला तिच्याकडे बघायचा धीर होत नाही. माझे म्हणाल, तर ताप नाही, खोकला नाही, पण गेल्या गुरुवारपासून मी जेवताना घास हातात धरून बसतो आणि आमटी गार होते. असे का, ते सविस्तर लिहितो. मध्येच पत्र ठेवून देऊ नये.

आमची बॅटरीवरची गाडी तुम्ही पाहिलेली आहेच. गिरणीचे जुने मॅनेजर आवारात फेरी मारायला ती वापरत. पुढे गिरणीने ती भंगारात काढली, आणि चाळीस वर्षे गिरणीत वायरमनकी केलेल्या माणसाच्या दारात यायची म्हणून ती माझ्या दारात आली. तिला गिअर नाही, आवाज नाही, हॉर्नच्या जागी घंटा आहे. पेठेत तिला ‘मुकी गाडी’ म्हणतात. सुरुवातीला लोक हसायचे. पेट्रोल महागले तसे हसणे बंद झाले आणि माझी मान ताठ झाली. मी तिला जिवापाड जपत असे. कामावर सायकलने जाई आणि गाडी फक्त रविवारी काढी. देवळापर्यंत जायचे, तळ्याला वळसा घालून परत यायचे, बस्स. (वळसा घालण्याचे कारण दर्शन नव्हे. ते खाली येईल.)

पण दोन-तीन वर्षांपासून गाडीने मला पिडले. सोमवारी रात्रभर विजेला लावून बॅटऱ्या भरून ठेवायच्या, आणि रविवारी बघावे तर निम्म्या उतरलेल्या. उभ्या गाडीची वीज जाते कुठे? मी तारा बदलल्या. डिस्टिल्ड वॉटर बदलले. सोलापूरच्या उन्हाला दोष दिला, हिवाळा आल्यावर थंडीला दिला. शेजारच्या यंत्रमागवाल्यांनी चोरून तार ओढली असेल म्हणून त्यांच्या भिंतीला कान लावून बसलो, तर त्यांच्या म्हातारीने मला तेलुगूत काय सुनावले ते तेव्हा मला कोणी सांगितले नाही. गिरणीतली वीज दुरुस्त करण्यात जन्म गेला आणि माझ्याच अंगणातली वीज हवेत विरते, ही लाज मी तुमच्या बहिणीपाशी कितीदा बोलून दाखवली. ती म्हणायची, “जुनी झालीया ओ ती. म्हातारपणी माणूस न्हाय का बसल्या बसल्या दमत?” मला ते पटायचे.

शेवटी ठरवले, जुनी देऊन नवी घ्यावी. पुण्याकडे कोणी बॅटरीची नवी गाडी काढली आहे, एका भरण्यात चाळीस मैल जाते, असे कळले होते. मी एक कार्ड टाकले आणि गुरुवारी एजंट दारात हजर झाला. निंगप्पा त्याचे नाव, मूळचा मैंदर्गीचा, पायात घोळदार पँट. नवी गाडी घेऊनच आला होता. त्याने आमची गाडी भोवतीने पाहिली, टायर दाबले आणि मीटरवरचा कपडा उचलला. (हा कपडा तुमच्या बहिणीने शिवलेला. धूळ बसू नये म्हणून. त्यावर दोन मोरही भरलेले. पाच वर्षांत तो उचलावा असे माझ्या मनात आले नाही, कारण कोणाच्या तरी हौसेवर हात टाकायचा कशाला?)

निंगप्पा म्हणाला, “काका, गाडी टॅक्सीला लावता काय?”

मी हसलो. म्हणालो, बाबा, ही आठवड्याला अडीच मैल चालते. मीटर मी स्वतः शून्यावर आणून ठेवला होता, आठ वर्षांचे हजार मैल धर. त्याने मला हाताला धरून आत वाकवले. मीटरवर चार हजार तीनशे अठरा होते. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. तेवढेच होते. मी म्हणालो मीटर बिघडला असेल, आणि माझा मलाच आवाज लांबून आल्यासारखा वाटला.

तेवढ्यात सौ. मीनाबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या. म्हणाल्या, “मीटर बरोबर हाय. मी चालवते की.”

महिपतराव, मी अंगणात खाली बसलो. ती उभ्यानेच सांगत होती, जसे भाजी कुठून आणली ते सांगावे. पाच वर्षांमागे शेजारच्या माग चालवणाऱ्याची बायको अडली होती. टांगेवाला म्हणाला, बाळंतीण टांग्यात घेत नाही, वाटेत काही झाले तर माझ्या डोक्यावर. सुईण केराबाई दारोदार फिरत होती. मी पहिल्या पाळीला. मग हिने गाडी काढली आणि बाईला बायकांच्या दवाखान्यात नेऊन पोचवले. टांगा दगडावर आपटतो, ही गाडी पाण्यावरून गेल्यासारखी जाते, हे केराबाईने हेरले. तेव्हापासून पेठेतल्या बायका जातात याच गाडीने आणि तान्ही पोरे घेऊन परत येतात याच गाडीने. केराबाईचा हिशेब चारशेच्या वर गेलाय. गिरणीचा भोंगा झाला की गाडी जागेवर, कपडा मीटरवर. सगळ्या पेठेला ठाऊक. ज्यांच्या भिंतीला मी कान लावला त्यांची म्हातारीही तेव्हा हसून हसून तेच सांगत होती म्हणे. ठाऊक नव्हते ते मला.

मी विचारले, मला का नाही सांगितलेस? ती म्हणाली, “तुमी बॅटरीची काळजी करत बसला असता.” मी खरोखर तेच केले असते.

पण मग मी मनाशी हिशेब केला. चारशे बायका, महिपतराव. त्यातली एखादी तरी टांग्याची वाट बघत गेली असती. ज्या गाडीला मी दर रविवारी नावे ठेवली, ती मान खाली घालून हे करत होती. मी उठलो आणि निंगप्पाला सांगितले, गाडी विकायची नाही, तू जा.

“कोण म्हणालं?” तुमची बहीण म्हणाली. “द्या की ती. रेल्वेपुलाच्या चढाला चौदा डाव ढकललीया मी. परवा काशम्माला कळा चालू, आन् तीच उतरून मागनं हात लावतीया. ह्या एजंटाला बोलावनं मीच धाडलं हुतं.”

निंगप्पाने खिशातून कार्ड काढून दाखवले. अक्षर तिचे होते. माझे कार्ड अजून पोचलेलेच नव्हते.

पुढचे मी थोडक्यात लिहितो, कारण लिहिताना अजून कानशिले तापतात. तिने एजंटला विचारले, दार किती रुंद उघडते, मागची बैठक आडवी होते का, चौघांनिशी पूल चढेल का. निंगप्पाला असे प्रश्न आजवर कोणी विचारले नव्हते. तो म्हणाला, चढेल. ती म्हणाली, दाखवा. मग पुढे ती चालवायला, शेजारी निंगप्पा, मागे केराबाई, आणि अडलेली बाई म्हणून मी. होय. दुसरे कोणी मोकळे नव्हते. मला मागे आडवे घातले, अंगावर चादर घातली, आणि केराबाईने माझा हात धरून भर पेठेतून नेताना सांगितले, “लांब श्वास घ्या मिस्त्री, कुंथू नका.” पुलाच्या मध्यावर आमच्या खात्याचा बिरप्पा सायकलवरून जाताना खिडकीत डोकावला. त्याने मला ओळखले, चादर पाहिली, केराबाईला पाहिले आणि सायकलवरून उतरून उभाच राहिला. आता गिरणीत सगळे मला कसे वाटते म्हणून विचारतात.

गाडी पूल चढली. मी सांगतो, एक धक्का लागला नाही. वर पोचल्यावर तुमची बहीण पहिल्यांदा हसली, आणि ते हसू मी लग्नात पाहिल्यासारखे मला आठवले. मीच आडव्याने म्हणालो, घेऊन टाक. दुपारी जुनी गाडी निंगप्पाने नेली. मी तिच्या बॉनेटवर हात ठेवला तेव्हा केराबाईही बाजूला तोंड करून उभी होती. कागदांवर मालकाच्या लायसनचा नंबर हवा होता. माझ्याकडे लायसन कधीच नव्हते. हिच्याकडे तीन वर्षांपासून आहे, पिठाच्या डब्यामागे. गाडी तिच्या नावावर झाली.

एवढे सोसून मी रात्री शेवटचा प्रश्न विचारला, की चालवायला शिकवले कोणी. ती म्हणाली, “दादानं. माहेरी गेल्यावर. कारखान्याच्या मैदानात, ट्रॅक्टरवर.”

महिपतराव, दिवाळीला तुम्ही माझ्या शेजारी बसून बॅटरी का उतरते यावर दोन तास डोके खाजवले होते. मला आणखी काही लिहिवत नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

आपला,
नागनाथ

ता. क. एक लिहायचे राहिले. मला गाडी मागे घेता येत नाही. आठ वर्षे तळ्याला वळसा घालत आलो ते त्यासाठीच. नवी गाडी लांब आहे, जुनीसारखी अंगणात वळत नाही, काढायची तर मागेच घ्यावी लागते. तुमचे मैदान मोकळे असेल तर येत्या शनिवारी येतो, चार दिवस राहतो. घरी सांगताना तुमची प्रकृती बरी नाही असे सांगेन, राग मानू नये. मीनाबाईंना यातले अक्षरही कळू देऊ नका.

ता. क. दादा, हे पाकीट ह्यांनी माझ्याकडंच चिकटवायला दिलं. शनिवारी यष्टीत बसवून देते, बरोबर शेंगाची चटणी आहे. उसाच्या गाड्या येतात त्या वाटेला नेऊ नका, बैलांना बघून हात सोडतात. शिकून आले की गाडी मागं घेऊन दाखवतीलच. मला काही माहीत नाही असंच राहू द्या. मग दोन दिवस मी धक्का बसल्यासारखं वागते. – मीना