यादीतलं चोविसावं नाव

२ फेब्रुवारी

नवा पेशंट म्हणजे वल्ली आहे! हर्मन — डच, वय अठ्ठ्याहत्तर. नाताळला लेकीकडे इथे आखातात, फहाहीलला आले, बाथरूममध्ये घसरले, खुब्याचं ऑपरेशन झालं. मी म्हटलं, आज दहा पायऱ्या. ते म्हणाले, चार. अर्धा तास घासाघीस करून सातावर तडजोड! वर म्हणे, "आमच्याकडे सरकारं अशीच बनतात. फक्त महिने लागतात."

लेक मार्लेन तेल कंपनीत इंजिनिअर. तिची अट सरळ आहे — बाबांना परत मायदेशी जायचं तर तिथल्या घरचा जिना चढता आला पाहिजे. जिना शिडीसारखा उभा, पायऱ्या चौदा, झोपायची खोली वर. आणि चढता येतं, हे फिजिओथेरपिस्टनं सहीनिशी लिहून द्यायचं. म्हणजे मी!

५ फेब्रुवारी

हर्मन आजोबांची सगळी कारकीर्द आज जिन्यात ऐकली. एकोणतिसाव्या वर्षी गावच्या नगरपालिकेत, का? तर सायकलचा पूल बंद केला म्हणून राग आला. मग अकरा वर्षं गावचा कारभार, नऊ वर्षं संसदेत, शेवटी चौदा महिने राज्यमंत्री. एवढ्यात पायऱ्या चढल्या पाच. बोलण्यात गुंतवून व्यायाम चुकवतात, लबाड!

९ फेब्रुवारी

वाईट वाटलं आज. मार्चमध्ये त्यांच्या गावात नगरपालिकेची निवडणूक आहे आणि पक्षानं यादीत ह्यांचं नाव चोविसावं घातलंय. चोविसातलं चोविसावं! मंत्री झालेल्या माणसाला!

शैलेशला सांगितलं. नवरा राई भागातल्या शोरूममध्ये गाड्या विकतो, त्यामुळे जगातलं सगळं कळतं त्याला. "तिकीट कापायची सभ्य पद्धत असते ही," म्हणाला. संध्याकाळी बेसनाचे लाडू वळले. उद्या म्हाताऱ्याची समजूत काढायची.

१० फेब्रुवारी

फजिती! शेवटचा नंबर म्हणजे मान असतो म्हणे. गावातलं जुनं, लाडकं नाव शेवटी घालतात — निवडून यायला नाही, पक्षाला मतं ओढून द्यायला. मी हळव्या आवाजात "असू दे हो आजोबा" म्हणत डबा पुढे केला, तर हे हसून हसून खोकायला लागले. लाडू मात्र परत केले नाहीत. चार संपवले.

१७ फेब्रुवारी

आता प्रचार फोनवरून. मी नियम केला — फोनवर बोलायचं तर चालत बोलायचं. आज एका विधवा बाईंच्या गटाराची तक्रार ऐकता ऐकता कॉरिडॉरच्या अकरा फेऱ्या झाल्या. देव त्या गटाराचं भलं करो!

२४ फेब्रुवारी

मंत्रिपद का सोडलंत, विचारलं. खात्यानं दिलेला एक आकडा संसदेत सांगितला, तो चुकीचा निघाला. "पण चूक तर कारकुनाची!" मी म्हटलं. "सही माझी होती." मी म्हटलं, आमच्याकडे या हिशोबानं एकही मंत्री उरायचा नाही. तेही हसले, पण थोडंच.

४ मार्च

अकरा. बाराव्या पायरीला पाय थरथरायला लागला. बिल्डिंगचा हारिस, म्हणजे वॉचमन, अशरफ खाली खुर्ची टाकून मोजत असतो, तो ती खुर्ची घेऊन वर धावला.

बसून धाप टाकत म्हणाले, "चौदा लिही ना." थट्टा नव्हती. "मतदानाला मला माझ्या घरी असायचंय. इथे मी पाहुणा आहे, सुखदा."

लिहिलं. चौदा. खाली सही ठोकली.

हे मी काय करून बसले?

५ मार्च

मार्लेनचा फोन. कागद आजोबांनीच फाडला. "अकरा चढलो, मीच गळ घातली, तिला बोलू नकोस," असं सांगितलं म्हणे तिला. जाणं रद्द. मी क्लिनिकच्या स्टोअररूममध्ये जाऊन रडले. स्वतःची लाज वाटली, आणि त्यांचं फार वाईट वाटलं.

१६ मार्च

आज तिकडे मतदान. आजोबा इथे. मी सांगितल्या तितक्या पायऱ्या चढले, घासाघीस केली नाही. मला अजिबात आवडलं नाही ते.

१८ मार्च

निवडून आले! चोविसाव्या नंबरावरून! लोकांनी यादीच्या तळाशी जाऊन ह्यांच्याच नावापुढचा गोल रंगवलाय. महिनाअखेरीला शपथ. आजोबा सगळ्यांना फोन करतायत — बसून! — आणि आज मी चालायचा नियम बाजूला ठेवला.

मार्लेन मला स्वयंपाकघरात घेऊन गेली. म्हणाली, पाठवते त्यांना. शेजाऱ्यांना सांगून पलंग खालच्या खोलीत आणून ठेवते, म्हणजे जिन्याचा प्रश्नच नाही.

"अगं, मग हे आधीच का नाही केलंस?"

ती नळ सोडून कप विसळत राहिली. मग म्हणाली, "मला ते इथे हवे होते."