नॅनो धाग्याला अंग आणताना

३ फेब्रुवारी २०२५, सोमवार
आजपासून नातीच्या शेडवर जायचे ठरवले. कीर्तीने बोईसर एमआयडीसीत नॅनो धाग्याचे मशीन लावले आहे. शुक्रवारी मास्क बनवणारे धर्मेशभाई नमुना बघायला येणार. पसंत पडला तर शेड चालेल, नाही तर पोरगी पुण्याला नोकरीला जाईल. मला काही फरक पडत नाही. फक्त झोप उडाली आहे.
बायको रखमा म्हणाली, जाताव तर जा, हात लावू नका. मला सांगते! जन्मभर मासेमारीची जाळी विणली मी. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण धागा मला शिकवू नये.

४ फेब्रुवारी
मशीन समजले. सोपे आहे. प्लास्टिकच्या काडीचे टोक लेझरने वितळवायचे. मग विजेचा एवढा दाब द्यायचा की ते वितळलेले प्लास्टिक धागा होऊन समोरच्या पत्र्याकडे धावते. केसाहून कितीतरी बारीक, म्हणे. खूप वेळ बघितले. कीर्तीला सांगितले, पोरी, काय पण येत नाय. ती म्हणाली, आजोबा, येतंय, तुमाला दिसत नाय. न दिसणारा माल विकायला फार शिक्षण लागते.

५ फेब्रुवारी, दुपार
पत्र्यावर पांढरी साय जमली. कीर्तीने कौतुकाने हातात दिली. जिभेवर ओली केली, दातात धरून ओढली. जाळ्याचा धागा असाच तपासतात. फाटली. कीर्ती ओरडली, आजोबा, हे नाकावर बांधायचंय, पापलेट धरायचा नाय! म्हटले, दातात टिकत नाही ते नाकावर काय टिकणार? तिने उरलेली साय माझ्या हातातून काढून घेतली. पटले असावे.
काळजीने जेवण गेले नाही. भाकऱ्या तीनच.

६ फेब्रुवारी
निश्चय. उद्या कशालाही हात लावणार नाही.

७ फेब्रुवारी, सकाळ
कीर्ती धर्मेशभाईंना आणायला स्टेशनवर गेली. मशीन चालू. मला म्हणाली, नुसते बघत बसा. बघितले. पण नातीच्या भवितव्याचा प्रश्न. काडी पुढे सरकवायचे बटण किंचित फिरवले. मग अजून किंचित. विजेचा दाबही उतरवला. एवढ्या ओढीला कुठला धागा धरेल? लगेच फरक! धागा चष्म्याशिवाय दिसतो. मालाला अंग आले.

संध्याकाळ
धर्मेशभाईंनी पत्रा बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला. म्हणाले, बेन, इसमें धूल क्या रुकेगी, झिंगा भी निकल जाएगा. मी सांगितले, नहीं निकलेगा, मेरी गॅरंटी, खींच के देखो. कीर्तीने माझ्याकडे बघितले, मग बटणाकडे. धर्मेशभाईंनी चहा घेतला नाही. ॲसिडिटी असेल.
रिक्षात कीर्ती बाहेर तोंड करून बसली. थकली असेल.

११ फेब्रुवारी
पोरगी पुण्याला निघाली. असल्याच मशीनवर नोकरी. विचारले, तिथे धागा कोण तपासणार? सल्ल्याला येऊ का? म्हणाली, आजोबा, तिथं मशीनच्या खोलीला कुलूप असतं. कंपनी मोठी दिसते. पाया पडली. मी म्हटले, जा, माझं काय अडत नाय. नंतर बराच वेळ पाणी पीत बसलो.

१ मार्च
शेडमालक मारुतीने नवा भाडेकरू येईपर्यंत राखणीला ठेवले. अट एकच, आत जायचे नाही. बाहेर खुर्ची टाकून बसलो. आत काहीच नाही. मशीन कीर्तीने विकले. तरी दोनदा खिडकीतून डोकावलो.