अर्ध्या गोळीतला अण्णा

९ जून, सोमवार

बीपीची चौथी गोळी! फेब्रुवारीपासून चौथी. पांढरीने खोकला दिला. गुलाबीने पाय असे सुजवले की चपला दारातच राहिल्या. तिसरी घेतल्यावर दर वीस मिनिटांनी बाथरूम — हुबळीत कोप्पीकर रोडच्या आमच्या ऑफिसात साहेबांना वाटलं, मी बाहेर जाऊन कुणाला तरी फोन करते.

डॉक्टरही तितकेच झाले. एक नेहमीचे, एक ऑफिसातल्या वनिताच्या जावेला लागू पडलेले, एक ‘अगदी देवमाणूस’. देव मी मानत नाही, तिथेच चुकलं असणार. प्रत्येकाने आधीच्याचा कागद असा बघितला, जणू नव्या सुनेची आमटी चाखतायत. आणि खोडला.

आज धारवाडच्या डॉक्टरीणबाई. त्यांनी मात्र आधी विचारलं, ‘‘घरात कुणाला होतं?’’

‘‘थोरल्या भावाला. मेंदूत रक्तस्राव. एकावन्नाव्या वर्षी.’’

‘‘गोळ्या घ्यायचे?’’

‘‘बरं वाटलं की सोडायचा.’’

परतताना बसमध्ये लक्षात आलं — मला बावन्न पूर्ण. अण्णापेक्षा मी आता मोठी!

नवी गोळी पिवळी, मध्ये खाच. उरलेल्या सगळ्या बिस्किटाच्या डब्यात. फेकायच्या नाहीत, यशपालांचा नियम. रेल्वे वर्कशॉपात तीस वर्षं काढलेला माणूस, वाकडा खिळासुद्धा ठोकून सरळ करतो. माझं खोकल्याचं औषध उरलं तर खोकला नसताना पिऊन टाकलं. ‘‘वाया कशाला घालवायचं?’’ नवरा म्हणून निवडताना हे कुणी सांगितलं नव्हतं.

१२ जून, गुरुवार

पहाटे अण्णा आला.

बाहेरच्या पायरीवर बसला होता. पांढरा शर्ट, बाह्या दुमडलेल्या, हातात कागदांची चळत. उणकलचं तळं कसं कोण जाणे, आमच्या गल्लीत शिरलेलं. पाणी खालच्या पायरीला हळूच लागत होतं. शेजारच्यांची स्कूटर त्यात शांतपणे तरंगत होती. कुणालाच काही वाटत नव्हतं.

अण्णा वाचत होता. ओठ हलत होते. आवाज नाही!

म्हटलं, ‘‘अण्णा, आत ये की.’’ त्याने मान वर केली नाही. उंबऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

बारा वर्षांनी आला आणि पायरीवर बसला. खोड मेल्यावरही जात नाही माणसाची.

१३ जून, शुक्रवार

आजही. दुसरं पान.

१६ जून, सोमवार

कागद कसले ते मला पहिल्या दिवशीच कळलं होतं. लिहायला चार दिवस लागले.

२०११. चौदा एप्रिलची जयंती, जुन्या हुबळीत मांडव. अण्णाचं भाषण दहा मिनिटांचं ठरलेलं. अण्णा आणि दहा मिनिटं! चाळीस झाली. मागून ‘‘साकु, साकु, पुरे आता!’’ सुरू झालं. आवाजाची व्यवस्था यशपालांकडे. त्यांनी खटका दाबून माइक बंद केला.

अण्णाला ते कळलंच नाही. पाचसहा वाक्यं तो तसाच बोलत राहिला — हात वर, तोंड उघडं. मांडव हसला. मग टाळ्या. लोकांनी टाळ्या वाजवून त्याला खाली बसवलं.

मीही हसले होते. हे आजवर कुठं लिहिलं नव्हतं.

त्यानंतर अण्णाने आमचा उंबरा ओलांडला नाही. दोन वर्षांनी गेला. यशपाल मातीला आले, लांब उभे राहिले. घरात नाव काढत नाहीत.

आता तो रोज पहाटे उरलेलं भाषण वाचतो. आणि मला एकदा, एकदाच, ते ऐकायचंय.

१९ जून, गुरुवार

तपासणी. नाडी अठ्ठेचाळीस. ‘‘चक्कर?’’ ‘‘नाही.’’ ‘‘या गोळीने काहींना फार स्वप्नं पडतात. त्रास आहे?’’ ‘‘छे!’’

दोन्ही उत्तरं खोटी. उभी राहिले की भिंती जरा वाट बघून मग जागेवर येतात. पण सांगितलं तर गोळी बदलतील. आठ पानं झालीत, चळत अजून जाड आहे.

२२ जून, रविवार

यशपालांना सांगून टाकलं. ते मिक्सर उघडून बसले होते.

‘‘अण्णा येतो हल्ली. पहाटे.’’

बराच वेळ नुसता स्क्रू फिरत राहिला.

‘‘काय म्हणतात?’’

‘‘आवाज येत नाही.’’

स्क्रू थांबला. मग उठून दूध आणायला गेले. फ्रिजमध्ये दोन पिशव्या होत्या.

२५ जून, बुधवार

बसच्या थांब्यावर बसले. लिहायला हरकत नाही — पडले. आधी पाय हलके झाले, मग सगळा रस्ता कापसाचा. छान वाटत होतं, हीच भानगड. एक बाई वाकून ‘‘येनात्री अक्का?’’ — काय झालं म्हणून — विचारत होती आणि मी तिला सांगत होते, जरा बाजूला व्हा, तो वाचतोय.

यशपालांनी धारवाडला नेलं. नाडी चव्वेचाळीस. बाई चिडल्या. ‘‘भाऊ न सांगता गोळ्या सोडायचा, म्हणूनच गेला ना? तुम्हीही तेच करताय!’’

गोळी बंद. पण एकदम तोडायची नाही. आधी अर्धी, मग पाव.

‘‘थोडी पानं राहिलीत हो,’’ मी म्हटलं.

‘‘कसली पानं?’’

यशपाल खिडकीतून बाहेर बघत होते. त्यांना कळलं होतं कसली.

३० जून, सोमवार

अर्धी गोळी, अर्धा अण्णा. विनोद नाही. दुमडलेल्या बाह्या होत्या, कागद होते, वर धुकं. पाणी ओसरलंय.

४ जुलै, शुक्रवार

पाव. नुसती पायरी. पायरीवर ओल.

८ जुलै, मंगळवार

पाचवी गोळी. बीपी एकशे अठ्ठावीस, ब्याऐंशी. नाडी अडुसष्ट. बाई खूश, साहेब खूश, वनिता म्हणते तोंडावर तेज आलंय.

पहाट म्हणजे आता नुसती पहाट. दूधवाला येतो. तो आत यायला मागत नाही, पायरीवरही बसत नाही.

१३ जुलै, रविवार

दुपारी भांडी आवरत होते. आतल्या खोलीतून टाळ्या! एकट्या माणसाच्या, सावकाश.

जाऊन बघते तर यशपाल झोपलेले. डोळे मिटलेले, गाल ओले, आणि हात टाळ्या वाजवतायत. त्याच आवाजाने त्यांना जाग आली.

मी बिस्किटाचा डबा उघडला. पिवळ्या पट्टीत तीन घरं जास्त रिकामी.

‘‘अहो, तुम्हाला बीपी तरी आहे का?’’

‘‘वाया कशाला घालवायची?’’ म्हणाले. पण माझ्याकडे बघेनात.

पट्टी पर्समध्ये टाकली. उद्या दोघं धारवाडला, ओरडा खायला. मग पलंगाच्या कडेला बसले. थोड्या वेळाने विचारलं, ‘‘आत आला?’’

‘‘बोलावलं. आले. खुर्ची दिली.’’

‘‘पूर्ण वाचलं?’’

‘‘शेवटच्या पानापर्यंत.’’

‘‘आवाज?’’

‘‘नव्हता. मीच बंद केलेला ना.’’ तोंड पुसलं. ‘‘पण संपेपर्यंत जागेवरून उठलो नाही मी.’’