फळ्यावरचं डिझर्व्ह

पिंपळदरा, ता. पाथर्डी
दि. ११ नोव्हेंबर २०२५

चि. भारती हिस,
सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र कानिफनाथच्या टेम्पोतून टोमॅटोच्या क्रेटवर बसून आलं. फोनवर बोलली नाहीस ते बरं केलंस. मला ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर लावावा लागतो, आणि स्पीकर लावला की सगळी वस्ती माझ्या ओट्यावर जमते.

पंकज गेला तेव्हा मनाशी म्हटलं होतं, मुलगा गेला तरी सून आहे. आता तुझ्या कंपनीतल्या कल्याणने तुला लग्नाचं विचारलंय, आणि मी हो म्हटल्याशिवाय तू त्याला काही सांगणार नाहीस, हे वाचलं. त्यावर सावकाश लिहीन.

आधी त्याने म्हटलेल्या त्या शब्दाचं सांग. तू सुख डिझर्व्ह करतेस, म्हणजे नेमकं काय म्हणाला तो? येत्या रविवारी विहारातल्या इंग्रजीच्या वर्गात फळ्यावर नवा शब्द वाक्यात मांडायची पाळी माझी आहे. आपला नियम तुला ठाऊकच आहे. वाक्य पुस्तकातलं चालत नाही, आपल्या घरातलं खरं लागतं. कोणी ‘कशावरून?’ विचारलं आणि उत्तर आलं नाही, की फळा पुसायचा.

आप्पासाहेब गुरुजींना विचारलं, तर पात्र असणे, म्हणाले. मी म्हटलं, घरकुलाला पात्र कोण ते पंचायत ठरवते, सुखाला पात्र कोण ते कोणी ठरवायचं? गुरुजींनी चष्मा पुसला आणि चहा मागितला. शब्दकोशात तर शिक्षेलाही हाच शब्द लावलाय. म्हणजे माझी मेथी खाणारी बनुबाईची शेळीसुद्धा डिझर्व्ह करते, पण काठी. हा शब्द गोडाचा की तिखटाचा, ते तेवढं कळव.

थंडी पडलीय, सकाळच्या शिफ्टला कान बांधून जात जा. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
भागिरथी

केडगाव
दि. १४ नोव्हेंबर २०२५

ती. आत्याबाई यांस,
भारतीचा सा. जयभीम.

पत्र वाचून हसू आलं आणि थोडा रागही आला. शेळीबद्दल एवढं लिहिलंत, शब्दाबद्दल त्याहून जास्त, आणि कल्याणबद्दल काय, तर सावकाश लिहीन.

तरी आधी शब्दाचं सांगते. कंपनीतल्या ट्रेनिंगच्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, गोड-तिखट दोन्हीला चालतो. हक्क कायदा देतो, नशीब आपोआप येतं, पण डिझर्व्ह करायचं ते आपल्या वागण्यातून. मग ते प्रत्यक्ष मिळो न मिळो. मला वाटतं, आपण कष्टाचं चीज व्हायला पाहिजे म्हणतो, ते याच्या जवळ जातं. मॅडम म्हणाल्या, स्वतःबद्दलही बिनधास्त म्हणावं, त्यात गर्व नाही. मी कँटीनमध्ये मनातल्या मनात म्हणून पाहिलं, तर चोरी केल्यासारखं वाटलं.

कल्याण घाई करत नाही. माल रवाना करायच्या डिस्पॅच खात्यात असतो, कमी बोलतो, भाकरी दुधात कुस्करून खातो. तुमची तब्येत विचारतो. तुम्ही नाही म्हणालात तर मी वाईट वाटून घेणार नाही. पण गप्प राहू नका.

गोळ्या वेळेवर घ्या. आहे तशीच जवळ धरून ठेवा.

आपली,
भारती

पिंपळदरा
दि. १७ नोव्हेंबर २०२५

चि. भारती हिस,
सप्रेम जयभीम.

काल फजिती झाली. मी फळ्यावर लिहिलं, ‘आय डिझर्व्ह भारती.’ अक्षर चांगलं आलं होतं.

डस्टर सांभाळणाऱ्या रंगनाथने विचारलं, कशावरून? मी सांगत सुटले. माझ्या गोळ्या ती आणते, घराला रंग तिने दिला, पंकजच्या उशाशी दवाखान्यात ती बसली. बनुबाईने मधेच तोडलं. म्हणाली, आक्का, हे समदं तर तिनं केलं, तुमी काय केलं ते सांगा की. मी म्हटलं, तिला भाकरी थापायला शिकवली. तुझ्या भाकरी सगळ्यांनी खाल्लेल्या, त्यामुळे हसण्याचा एकच गलका झाला. मग मीच पदराने फळा पुसला.

घरी आले ते डोक्यात घेऊनच. तुझं पहिलं पत्र वाचलं तेव्हा मी घाबरले होते, गं. शब्द विचारत बसले ते त्यासाठीच. तू गेलीस की माझं कोण, एवढंच दिसत होतं. दुसऱ्या घरची झाल्यावर पत्राच्या माथ्यावर मला काय लिहिशील, ते तरी सांग. मग मी काय ते ठरवते.

रागावली असलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझी,
भागिरथी

केडगाव
दि. २० नोव्हेंबर २०२५

ती. आत्याबाई यांस,
सा. जयभीम.

आत्याबाईच लिहीन. दुसरं काही लिहायला गेले तर हात वळायचा नाही.

आणि उत्तर येत नव्हतं तर मला फोन करायचा होता भर विहारातून. पंकज गेल्यावर सगळे म्हणत होते, हिला माहेरी धाडा. तुम्ही मला नगरला आयटीआयला घातलंत. पहिली एसटी चुकू नये म्हणून अंधारात उठून डबा करत होतात, आणि भावकी बोलायला आली की दारात उभं राहून परतवत होतात. बनुबाईंना हे ठाऊक नाही, कारण तुम्ही कधी सांगितलं नाहीत. तुमचं वाक्य खरं होतं. उगीच पुसलंत.

मी कुठेही राहिले तरी येणार. पण कल्याणला काय सांगू, ते आता लिहा.

आपली,
भारती

पिंपळदरा
दि. २४ नोव्हेंबर २०२५

चि. भारती हिस,
सप्रेम जयभीम व पोटभर आशीर्वाद.

त्याला हो सांग. उद्यावर ढकलू नकोस, हे पत्र हातात पडल्या पडल्या सांग.

काल पाळी माझी नव्हती, पण मागून घेतली. लिहिलं, ‘भारती डिझर्व्ह्ज कल्याण.’ कशावरून विचारल्यावर मी असं काही बोलले की सगळ्यांचे चहा निवले. बनुबाईने डोळे पुसले, मग नेहमीसारखी आडवी आली. म्हणाली, ते लई खरं हाय, पन त्यो कल्यान भारतीला डिझर्व्ह करतो का? आता त्याला मी पाहिलेलंच नाही, तर सांगू काय? रंगनाथ डस्टर घेऊन उठला. मी त्याचा हात धरला आणि आठवड्याची मुदत मागून घेतली.

तेव्हा येत्या रविवारी दोघं सकाळच्या एसटीने या. विहारात त्यालाच फळ्यापुढे उभं करायचं ठरलंय. पगार आणि फ्लॅट सांगून भागणार नाही, हे त्याला आधी समजावून ठेव. मात्र घाबरवू नकोस. पहिला प्रश्न मीच विचारणार आहे, आणि सोपा विचारणार आहे.

लोभ आता दोघांवर राहील.

तुझी,
आत्याबाई