दोन शिंगांचं बी, चार शिंगांचं बी

तामलवाडी,
आश्विन वद्य द्वितीया

प्रिय बसवराज,

हरणाबाई तुळजापूरची पुनव करून सोलापूरला परत निघाल्यात. आत्ता आपल्या ओसरीवर पाय चोळत बसल्यात, त्यांच्याच हाती हे पत्र देते. पुनवेला जाताना त्यांनी तुझी घोंगडी आणून दिली. तू त्यांच्या शेजारच्या खोलीत राहतोस, गिरणीत लागलास, दोन वेळ जेवतोस, एवढं त्यांच्याकडून कळलं. थंडी येतीया, अव्वाला द्या, असं म्हणालास म्हणे. वा रे शहाण्या! आईला घोंगडी धाडतोस आणि स्वतः येत न्हाईस. रजाकार गेले, नाक्यावर आता कुणी अडवत न्हाय, रजाकारांशी लढायला सरहद्दीपलीकडं कॅम्पात गेलेली सगळी पोरं आपापल्या घरी आली. तू तेवढा पलीकडं बसलास. आधीच सांगते, तुला घरी आणायसाठीच हे लिहितेय. मुरुमला माहेरच्या दुकानात बसून गिरवलेलं अक्षर आहे माझं, वाकडंतिकडं. हसू नकोस.

यंदा कारळं लई छान आलंय. सकाळी ओढ्याकडची पट्टी सगळी पिवळी दिसते आणि मला तुझी पहिली खुरपणी आठवते. कारळ्यात ते रानातलं चिकटं उगवतं, दोन्ही एका घरातली असल्यागत. फूल पिवळंच, उंचीही तेवढीच. तू नेमकं कारळं उपटलंस, चिकटं राखलंस, आणि वर शाबासकी घ्यायला आलास! अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. पण तुला मारलं न्हाय, बांधावर मांडीला मांडी लावून बसवलं आणि शिकवलं. कारळ्याचं पान अखंड, खरबरीत, देठाविना खोडाला बिलगलेलं. चिकट्याचं पान फाटून तीन-पाच झालेलं. कारळ्याचं बी काळं, चकचकीत, बोटातून निसटणारं. चिकट्याच्या बियाला शिंगं, धोतराला एकदा धरलं की सुटता सुटत न्हाय. मग त्या चिकट्यातही दोन जाती आहेत हे तूच हुडकलंस. माळावरच्या बियाला दोन शिंगं, त्याचं नाव तू खोंड ठेवलंस. आपल्या विहिरीच्या बांधावर चार शिंगांचं, ती बैलजोडी. माझ्या पोरानं गवताचं बारसं केलं, असं अप्पा बाजारभर सांगत फिरले होते. तुला ते कधी बोलून दाखवलं न्हाय, तो त्यांचा स्वभावच.

तर परवा ती घोंगडी उन्हात टाकली. काठाला खोंड चिकटलेले होते, त्याचं काही न्हाय, सोलापूरच्या वाटेवर माळभर तेच आहे. पण खालच्या कोपऱ्यात, लोकरीत पार रुतून बसलेली बैलजोडी निघाली. एक न्हाय, चांगला झुबका. मी एकेक बी तळहातावर घेऊन शिंगं मोजली. अरे, चार शिंगांचं या शिवारात आपल्या विहिरीशिवाय कुठं आहे? म्हणजे तू आला होतास. बांधापर्यंत आलास, उभा राहिलास, आणि तिथनंच माघारी फिरलास. तिथून आपलं दार दिसतं, बसवराज. चुलीचा धूरही दिसला असंल. मी भाकरी थापत असेन आणि माझं लेकरू बांधावर! आधी लई रडले, मग तुझा असा राग आला की घोंगडी परत धाडावी वाटली. मग तीच पांघरून निजले. तुझा वास येतो तिला अजून.

का फिरलास ते मला कळतं. विहिरीवर मोट हाकणारा माणूस तुला पाठमोरा दिसला असंल. तीच वाकलेली पाठ, तोच गुलाबी पटका. आणि तुला ती सकाळ आठवली असंल. निजामाचा फौजदार, तो अमीन, तुला धरायला दारात आलेला, तू माळवदावर लपलेला, आणि खाली सगळ्या गावासमोर अप्पा म्हणाले की असला पोरगा मला न्हाय. ते तू ऐकलंस आणि त्याच पावली गेलास. अरे वेड्या, तो शब्द अमीनसाहेबासाठी होता, तुझ्यासाठी नव्हता. त्याशिवाय झडती टळली नसती. तू गेल्यावर त्या दिवशी त्यांनी भाकरीला हात लावला न्हाय. दाराची कडी तेव्हापासून कधी लागलेली न्हाय. कुत्री आत शिरतात म्हणून मी ओरडायची, तरी लावू दिली न्हाय.

आता जे सांगायचं त्यासाठी एवढं लांबण लावलं. हरणाबाईंना मी काही बोलले न्हाय, परक्याच्या तोंडून तुला कळू नये म्हणून. मोटेवर तू पाहिलेस ते तुझे अप्पा नव्हते. सिद्रामप्पा काका होते. भावाभावांची पाठ एकसारखीच, त्यात पटका अप्पांचाच बांधलेला. आजकाल संध्याकाळी मीही फसते. अप्पा भाद्रपदात तापानं गेले. हिंदुस्थानच्या फौजा यायच्या आदल्याच आठवड्यात. तेव्हा तू कुठल्या कॅम्पात आहेस ते ठाऊक नव्हतं, आणि नाका ओलांडून निरोप न्यायला कुणी धजेना. शेवटच्या दिवशी ते तुझं नाव घेऊन हाका मारत होते. त्यांचा जीव निवावा म्हणून मी शेजारच्या धुळाप्पाला पुढं केलं, त्यानं त्यांचा हात हातात घेतला, आलो अप्पा म्हणाला. तर त्यांनी हात झटकून टाकला. हा न्हाय, म्हणाले, माझा पोरगा आणा. ज्याचं तोंड बघायचं न्हाय म्हणून तू थांबलास, ते तोंड आता दिसायचं न्हाय रे. माझं आहे तोवर ये.

तुझीच,
अव्वा