आठ जीबी आणि वेगळी डिस्क

४ जून

चार जीबी मेमरीत चालतं म्हणजे चालतं! साहेबांसमोर टेबलावर हात आपटून आलो. आजवर आपला सगळा कोड बाहेरच्या कंपनीच्या सर्व्हरवर होता, आता आपल्याच ऑफिसात ठेवायचाय. त्यावरून आमचे सीनियर — मनातल्या मनात मी त्यांना बृहस्पती म्हणतो — म्हणाले, "अरे, कोड ठेवायच्या सॉफ्टवेअरच्या पानावर आठ जीबी लिहिलंय. कॉलेज सोडण्याआधी वाचायला तरी शिकवलं होतं ना?" सगळे हसले. ती हसली नाही. ॲपची चित्रं काढते ती.

मग काय, बोलून बसलो: नवीन काही नको, कोपऱ्यातल्या चार जीबीच्या जुन्या मशीनवर चालवून दाखवतो.

७ जून

सर्व्हर सुरू. ती सर्व्हरला काय काय लागेल त्याची यादी घेऊन आली. मेमरी आठ जीबी, डिस्क दोन. "बॅकअप दुसऱ्या डिस्कवर घे. त्याच डिस्कवर घेणं म्हणजे जादा किल्ली घरात ठेवून बाहेरून कुलूप लावणं."

मी म्हणालो, "बाईसाहेब, यादी वाण्याकडे द्या."

तिने कागदाची घडी घातली. मागून ओरडलो, "करतो, करतो!" जिच्याशी नीट बोलायचं, तिच्याशीच असं का बोलतो मी?

१९ जून

सर्व्हरच्या नोंदीत रोज पहिलं नाव तिचं. नऊ वाजून दहा. आधी ते बघतो, मग चहा.

२ जुलै

दुसरी डिस्क राहिलीच. मागायची तर बृहस्पतींपुढे नाक घासायचं. बॅकअप रोज होतोय, त्याच डिस्कवर. जुने बॅकअप आपोआप पुसले जातील अशी सोयही केलेली नाही. बघू.

ताई फोनवर म्हणाली, "नाकावर माशी बसू देत नाहीस, आणि निघालायस प्रेमात पडायला."

२३ जुलै

सर्व्हर आडवा. सकाळपासून कुणाचंच काम वर चढेना. डिस्क गच्च. आणि गिऱ्हाइकाला काम द्यायची तारीख आजचीच.

बृहस्पतींनी न बघताच सांगितलं, "हिच्या चित्रांच्या फाइली. हत्ती आणून बांधलेत नुसते." साहेब सगळ्यांदेखत तिच्यावर घसरले — "एवढी अक्कल नको?"

तिची चित्रं अकरा जीबी. माझे बॅकअप चारशेच्या वर. आकडे माझ्या स्क्रीनवर होते. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कीबोर्डकडे.

२४ जुलै

जुने बॅकअप पुसले. दहा मिनिटांत सगळं सुरळीत. साहेब पाठ थोपटून गेले. डबा न उघडता परत आणला.

२८ जुलै

आज तिला सांगणारच होतो. पाठ करून गेलो होतो. तिची खुर्ची रिकामी. कालही रिकामीच होती.

३१ जुलै

साहेब म्हणाले, "तिचा राजीनामा आलाय. तिचं खातं बंद कर."

बंद करण्याआधी फाइली पाहिल्या. ती यादी आहे. ७ जूनला चढवलेली. शेवटची ओळ: "बॅकअप वेगळ्या डिस्कवर — त्याला सांगितलंय. तो करेल."

म्हणजे साहेब तिच्यावर घसरले त्या दिवशीही हे तिच्याजवळ होतं. साहेबांना नुसतं उघडून दाखवायचं होतं.

खातं बंद केलेलं नाही. पान छापून घेतलंय. साहेब केबिनमध्ये फोनवर आहेत. ते फोन ठेवेपर्यंत एवढंच लिहितो, मग पान घेऊन आत.